भुताचा पुरावा गोळा करायचा, म्हणजे नक्की काय गोळा करायचं?

रातपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भूत असतं की नसतं यावर हा धागा नाही. तसे धागे इथे पुष्कळ आहेत आणि सगळे एकमेकांच्या आजोबांवर घसरून बंद पडतात. माझा प्रश्न कामापुरता आहे.

आम्ही पुण्यातले काही मित्र नोकऱ्या सांभाळून जुन्या वास्तूंमध्ये रात्र काढतो. मालकाला विचारून जातो, पैसे घेत नाही, चॅनल नाही. गेल्या मार्गशीर्षात सिंधुदुर्गात एका मित्राच्या आजोळी होतो. जांभ्याचं कौलारू घर, बरीच वर्षं बंद. दिवसा एक आजोबा येऊन झाडलोट करतात, रात्री कुणी नसतं. माजघरात तीन गोष्टी मिळाल्या.

एक, केटू मीटर, चुंबकीय क्षेत्र वाढलं की एकेक दिवा लावणारा. एरवी एका हिरव्या दिव्यावर असायचा, तो मध्येच लालपर्यंत जायचा आणि काही सेकंदांनी खाली यायचा. दोन, देवघराच्या दाराजवळची भिंत इन्फ्रारेड थर्मामीटरवर बाकीच्या भिंतींपेक्षा तीनेक अंशांनी थंड. तीन, मोबाइलवर रात्रभर रेकॉर्डिंग चालू होतं, त्यात पहाटे तीनच्या सुमारास बाईचा आवाज आहे. स्पष्ट "थांब" म्हणते. आमच्यात बाई कुणी नव्हती. क्लिप जोडली आहे.

सकाळी मित्राच्या मामींना ती ऐकवली. त्या म्हणाल्या, हा आमच्या आत्याबाईंचा आवाज. आत्याबाई त्याच माजघरात गेल्या.

तर प्रश्न असा की एखाद्या पक्क्या नास्तिकासमोर हे ठेवायचं झालं तर आम्ही काय करायला हवं होतं, आणि पुढच्या वेळी काय करावं? एखादं चांगलं यंत्र घ्यायचं तर कुठलं? बजेट पंधरा-वीस हजार. आमच्यातला एक जण स्पिरिट बॉक्स घेऊ म्हणतोय.

चहाबाज

वाचतेय. चहा टाकलाय.

निवृत्त_वायरमन

केटूबद्दल सांगतो, बाकी दोन्हींतलं मला कळत नाही.

हा मीटर भूत शोधायला बनवलेला नाही. वायरिंग आणि उपकरणांभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बघायला बनवलेला आहे. पाच दिवे आणि एकच अक्ष, म्हणजे जागच्या जागी नुसता वळवलात तरी दिवे बदलतात. तो जमिनीवर ठेवला होता की कुणाच्या हातात होता? हातात असेल तर ती नोंद सोडूनच द्या.

बंद घराला वीजजोडणी आहे का? मेन स्विच पाडला होतात का? जुन्या घरांत फेज एका भिंतीने आणि न्यूट्रल भलतीकडून नेलेली मी स्वतः पाहिली आहे. दोन तारा जवळजवळ असल्या की त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीच मारतात, लांब असल्या की मधल्या जागेत मीटर नाचतो. शेजारच्या बागेत पंप आहे का? शेतीपंपाची वीज बऱ्याच भागात रात्रीचीच असते. पंप सुरू होताना जो झटका घेतो तो काही सेकंदांचाच असतो.

आणि तुमचे मोबाइल कुठे होते? रेंज नाही म्हणजे फोन गप्प बसतो असं नाही. टॉवर शोधताना तो उलट पूर्ण ताकद लावतो. केटूशेजारी फोन ठेवून स्वतःलाच मिस्ड कॉल द्या आणि काय होतं बघा.

मीमांसक_नाही

काकांना +१. आमच्या ऑफिसात लिफ्टजवळ केटू कायम लाल असतो. तिथे खरंच वावर आहे, पण तो एचआरचा.

हेडफोनवाला

डबिंग स्टुडिओत काम करतो, त्यामुळे क्लिप उत्साहाने उघडली.

मोबाइलचा रेकॉर्डर शांतता झाली की आपोआप आवाज वाढवत नेतो. सगळं निजलं की पलीकडच्या वाडीतलं कुत्रं तुमच्या उशाशी असल्यासारखं येतं. त्यावर नॉइज रिडक्शन बसतं. फोनमधलं हे गणित माणसाचं बोलणं राखायला आणि उरलेलं दाबायला बांधलेलं असतं. पानांची सळसळ, दाराची करकर, काहीही घाला, थोडं बोलण्यासारखं होऊनच बाहेर पडतं. शेवटी फाइल दाबून लहान केली जाते, त्यात उरलेला तपशीलही जातो.

हा प्रकार जुना आहे. स्वीडनमध्ये फ्रीड्रिख युर्गेन्सन १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज टेप करत होता, त्यात त्याला माणसं बोलताना ऐकू आली. त्याच्या मागोमाग कॉन्स्टन्टिन राउडिव्ह या लाटव्हियन गृहस्थाने अशा आवाजांचा प्रचंड साठा केला. त्याच्या टेपांतले आत्मे एका वाक्यात तीन-तीन भाषा वापरायचे. राउडिव्हला स्वतःला बऱ्याच भाषा येत होत्या. कानाला चार भाषांची मुभा दिली की कुठल्याही खरखरीत शब्द सापडतो.

आता तुमच्या क्लिपबद्दल. तुम्ही शब्द आधीच सांगून टाकलात, त्यामुळे हा अख्खा धागा आता "थांब"च ऐकणार. ती काही न सांगता वीसेक लोकांना ऐकवायला हवी होती. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि "शब्द नाहीच" असं लिहायचीही मोकळीक हवी. मामींनाही तसंच, आणि त्यांना कुठल्या घरातली क्लिप आहे हेही सांगायचं नाही.

स्पिरिट बॉक्स म्हणजे रेडिओ. स्टेशनावर न थांबता भराभर पुढे सरकत राहतो आणि मधले तुकडे ऐकवतो. कोकणात बसून लावलात तर "नमस्कार", "पाऊस", "ताजा भाव" हे येणारच. सात-आठ हजारांत आकाशवाणी ऐकायची असेल तर घ्या.

चहाबाज

नवऱ्याला काही न सांगता ऐकवली. तो म्हणाला "लांब". सासूबाई म्हणाल्या "सांब". त्यांचा आज सोमवारचा उपास आहे.

मीमांसक_नाही

मला "आंबा". सध्या दुसरं काही डोक्यातच नाही.

माळावरचा_पिंगळा

मी वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपच्या कामात स्वयंसेवक म्हणून जायचो. रात्रीचे हजारो फोटो डोळ्यांखालून गेले आहेत. त्यात मला "भुतं" मिळाली ती अशी: भिंगावर चालणारा कोळी (इन्फ्रारेड प्रकाशात हा पांढराशुभ्र, लांब हातांचा राक्षस दिसतो), भिंगासमोरून गेलेला पतंग, कॅमेऱ्यावरच साठलेलं दव, आणि खाली मान घालून चरणारी पांढरी गाय.

फोटोतले ते गोल प्रकाशगोळे, ज्यांना लोक ऑर्ब म्हणतात, ते म्हणजे फ्लॅशच्या जवळून उडालेली धूळ. फ्लॅश भिंगाला जितका चिकटून तितके गोळे जास्त. लहान डिजिटल कॅमेरे घरोघरी आले आणि गोळ्यांचं पीक आलं, याला कारण हेच. बंद घर झाडून घेतल्यावर तर विचारूच नका.

आणि बंद कौलारू घरात तुम्ही एकटे नसताच. माळ्यावर उदमांजर असतं, चालताना अगदी माणसासारखी पावलं वाजतात. गव्हाणी घुबड असतं. त्याचा तो खरवडल्यासारखा चीत्कार पहिल्यांदा ऐकणारा माणूस बाईच किंचाळली म्हणून शपथ घेईल. शिवाय दिवसा तापलेले वासे आणि कौलं रात्री आखडतात, तेव्हा वरून एकामागून एक टकटक सरकत गेल्यासारखी वाटते. माळ्यावर विष्ठा, पिसं, घुबडाने ओकलेल्या गोळ्या बघितल्या होत्यात का? रात्रीच्या आधी दिवसा चढून बघायला एक तास लागतो.

समंध_सखा

नेहमीप्रमाणे इथे सगळे तज्ज्ञ जमले. माझा साधा मुद्दा आहे. तुमची यंत्रं वीज, उष्णता, आवाज मोजतात. जे यापैकी काहीच नाही ते त्यात कसं सापडेल? न सापडणं हा नसल्याचा पुरावा नाही.

विलायती_वऱ्हाडी

समंधभाऊ, कबूल. पण मग त्याच यंत्राचा दिवा लागला की तो असल्याचा पुरावा कसा होतो बाप्पा? एक तर मीटर दोन्ही वेळा धरा, नाही तर दोन्ही वेळा सोडा.

मी लंडनला असतो आणि इकडे हा उद्योग फार जुना आहे. सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च १८८२ सालची. त्यांनी १७,००० लोकांना प्रश्न विचारून १८९४ मध्ये भासांची मोठी पाहणी छापली, दहा टक्क्यांच्या आसपास लोकांनी "हो, आला अनुभव" सांगितलं. त्या मंडळींचा भर कशावर होता ते बघण्यासारखं आहे. माणसाने अनुभव कधी लिहून ठेवला किंवा दुसऱ्याला कधी सांगितला? ज्याचा भास झाला तो मेल्याची बातमी येण्याआधी की नंतर? नंतर लिहिलेल्याला किंमत कमी.

दुसरं म्हणजे एसेक्समधली बोर्ली रेक्टरी, झपाटलेलं म्हणून गाजलेलं पाद्र्याचं घर. हॅरी प्राइस या संशोधकाने १९३७ मध्ये ते घर वर्षभरासाठी भाड्याने घेतलं, टाइम्समध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक गोळा केले आणि त्यांच्या हाती सूचनांची निळी पुस्तिका दिली. वस्तूंभोवती खडूने रिंगणं आखली, वस्तू हलली तर कळावी म्हणून. ही युक्ती आजही फुकट आहे. पण निरीक्षकांना या घरात आधी कुठे काय घडलं म्हणतात हेही सांगितलेलं होतं. मग ज्या खोलीची ख्याती, तिथेच माणूस कान टवकारून बसतो. पुढे सोसायटीच्याच तिघा सदस्यांनी १९५६ मध्ये सगळी कागदपत्रं चाळून प्राइसच्या कामाची चिरफाड केली. घर तोवर राहिलंच नव्हतं, १९३९ मध्ये आग लागली आणि १९४४ मध्ये पाडलं.

रातपाळीभाऊ, तुम्ही त्या माजघरातच का बसलात? पडवीत दुसरा रेकॉर्डर होता का?

तळकोकणी

एक बारीक शंका. मार्गशीर्षात म्हणता. तिथी कुठली होती?

आमच्याकडे तो जत्रांचा हंगाम. एका रात्री या गावची, दुसऱ्या रात्री त्या गावची, आणि जत्रा म्हटली की दशावतार. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, स्पीकर लावून. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो. भाताच्या मोकळ्या शेतांतून दोन-तीन किलोमीटरवरचं नाटक तुकड्यातुकड्यांनी येतं. झांज ऐकू येत नाही, मृदंग नाही, आणि मध्येच एक वाक्य कानाशी येऊन जातं. लहानपणी अंथरुणात पडून आम्ही त्यावरून नाटक कुठवर आलं ते ओळखायचो.

"थांब" तर दशावतारात राक्षसाला दर पाच मिनिटांनी ऐकावं लागतं. आणि बाईचा आवाज म्हणाल तर दशावतारातली बाई पुरुषच असतो.

मीमांसक_नाही

म्हणजे आत्याबाईंनी सकाळीच दाढी केली होती.

चहाबाज

@मीमांसक, त्या खरंच गेलेल्या आहेत कुणाच्या तरी. नको.

मीमांसक_नाही

बरोबर आहे. काढला असता, पण संपादनाची मुदत संपली.

हेडफोनवाला

@तळकोकणी, काय भारी शक्यता आहे ही! रातपाळी, मूळ फाइल द्या, व्हॉट्सअॅपवरून आलेली नको. "थांब"च्या आधीची आणि नंतरची दहा-पंधरा मिनिटं हवीत. झांजेचा काही अंश उरला असेल तर आलेखात दिसेल.

गावातलो_बाबू

अरे मेल्यांनो, देवचाराक मीटर लावूक जातास आणि मगे ताप इलो की गाऱ्हाणा घालूक धावतास! आमच्या वेतोबाक लोक चपला वाहतत, त्यो झिजतत. कोणी कधी कॅमेरो लावूक गेलो नाय. कित्या लावूचो? तो राखणदार आसा, चोर न्हय.

समंध_सखा

बाबूंशी सहमत.

डॉ_निद्रानाश

वैद्यकीय बाजू राहिलीच. पहाटे तीन-चारला शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. दिवसभर प्रवास करून जागणारा माणूस मध्येच काही सेकंदांची डुलकी घेतो आणि त्याला ती कळतही नाही. त्या सीमेवर हाक ऐकू येणं अगदी सर्वसामान्य आहे. छातीवर कुणी बसलंय, हलता येत नाही, ही तक्रार घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी येतं. झोपेतलं स्नायूंचं शैथिल्य उतरायच्या आत मेंदू जागा होतो, एवढंच. म्हणून जागणाऱ्यांच्या पाळ्या लावा आणि कोण किती वेळ जागं होतं ते लिहा.

१९२१ मध्ये विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली होती. नव्या घरात पावलं ऐकू येत, माणसं दिसत, सगळ्यांची डोकी दुखत, झाडंसुद्धा सुकत. भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड घरात येत होता. तुम्ही डासांसाठी दारं-खिडक्या लावून धुरी केली होतीत का?

कुणी तरी १९ हर्ट्झच्या, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचा विषय काढणारच, म्हणून आधीच लिहितो. इंग्लंडमध्ये व्हिक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत करडी आकृती दिसली. तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना बघून त्याने नव्या पंख्याच्या न ऐकू येणाऱ्या आवाजाचा छडा लावला. निबंध १९९८ चा. गोष्ट सुंदर आहे, पण ती सगळीकडे चिकटवू नका. पुढे लंडनमध्ये मुद्दाम तशी खोली बांधून लोकांना कमी वारंवारतेचा आवाज आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही दिलं, निष्कर्ष २००९ मध्ये आले. लोकांना चमत्कारिक अनुभव आले खरे, पण त्यांचा संबंध यंत्रं चालू-बंद असण्याशी नव्हता. सूचनेला कोण किती बळी पडतं, हेच कारण जास्त जुळलं.

वाट_चुकलेला

थोडं अवांतर. चकव्याचा पुरावा कुणी गोळा केलाय का? आमच्या काकांना गावाबाहेरच्या माळावर अमावस्येला चकवा लागला होता. रात्रभर चालले आणि उजाडलं तर त्याच बाभळीपाशी.

माळावरचा_पिंगळा

केलाय की! जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी २००९ मध्ये माणसांना जर्मनीच्या जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून मागोवा घेतला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. ढग आले की गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली, आणि त्यांना आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. डोळे बांधलेले लोक तर वीस मीटरच्या वर्तुळात फिरत होते. काकांना अमावस्येलाच चकवा लागावा हे अगदी बरोबर आहे.

वाट_चुकलेला

काकांना सांगितलं. म्हणाले, जर्मनीतही चकवा असतो हे ऐकून बरं वाटलं.

कसबा_पेठ

अवांतरात माझीही भर. शनिवारवाड्यामागे आमचं घर. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. आता "काका मला वाचवा" कधी ऐकू येतं विचारा. अर्धे म्हणतात पौर्णिमेला, अर्धे अमावस्येला. घटनेची तारीख पक्की ठाऊक असताना त्या तारखेला मात्र कुणीच जात नाही. शिवाय शब्द साऱ्या महाराष्ट्राला पाठ. मध्यरात्री शिवाजी रस्त्यावरून करकचून ब्रेक दाबत बस गेली तरी त्यात "काका" ऐकू येईल.

गावोगाव

उशिरा आलो. मी बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, भानामतीच्या तक्रारी आल्या की जायचो. कौलांवर दगड पडतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, पेटीतलं लुगडं पेटतं. वर चर्चा चाललीय तशी यंत्रं आम्ही कधी नेली नाहीत. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचो, कोण घरात असताना प्रकार होतो आणि कोण नसताना थांबतो ते टिपायचो. बहुतेक वेळा करणारं माणूस घरातलंच निघतं, आणि ते सहसा घरातलं सगळ्यात दबलेलं माणूस असतं. नव्याने आलेली सून, शाळा सुटलेली मुलगी.

तिथे आमच्याकडे इथल्या कुणालाही पटेल असा पुरावा असायचा आणि तो आम्ही कुणालाच दाखवायचो नाही. गावासमोर त्या मुलीचं नाव घेतलं असतं तर तिचं काय झालं असतं? तिच्याशी बोलायचं, तिचं दुखणं घरच्यांच्या कानावर घालायचं, आणि गावाला एवढंच सांगायचं की आता दगड पडणार नाहीत. पडत नसत.

आव्हानांचंही सांगतो. अंनिसचं २१ लाखांचं आव्हान आहे. अमेरिकेत जेम्स रँडीचं दहा लाख डॉलरचं होतं, २०१५ मध्ये बंद झालं, प्राथमिक फेरीही कुणी पार केली नाही. अशा चाचणीत यश कशाला म्हणायचं आणि अपयश कशाला, हे दोन्ही बाजू आधी लेखी ठरवतात. रातपाळी, तुम्ही रात्र सुरू व्हायच्या आधी काय मिळालं तर "काही नाही" म्हणणार होतात? मला तुमच्या लिहिण्यात ते कुठे दिसलं नाही. मीटर लाल झाला तर पुरावा, भिंत थंड तर पुरावा, गरम असती तरी पुरावाच झाला असता.

आणि मामींना ती क्लिप ऐकवायला नको होती. त्या घराचं पुढे काय चाललंय?

वकिलीणबाई

गावोगाव यांच्या शेवटच्या ओळीवरच माझंही बोट होतं. बंद घर, आजोळ, मामी, गेलेल्या आत्याबाई. सातबारावर किती नावं आहेत? घर विकायचं चाललं असेल तर तुमची क्लिप भाऊबंदकीत उतरलीच म्हणून समजा. "आत्याबाई थांब म्हणतात" हे वाक्य वाटणीच्या बैठकीत काय करू शकतं ते मी ऑफिसात बघते.

परवानगी एका मालकाची पुरत नाही, सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी घ्या. कुणाला भुताची भीती घालणं किंवा भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तुम्ही तसलं काही करत नाही आहात, पण तुमची क्लिप घेऊन गावातला कुणी भगत उद्या करू शकतो.

पुराव्याचंच म्हणाल तर न्यायालयात नुसती क्लिप कुणी घेत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा आकडा, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. भुताला कोर्टात उभं करायचं नसलं तरी सवय चांगली आहे. मूळ फाइल उघडूसुद्धा नका, प्रतीवर काम करा, हॅश त्याच रात्री वहीत लिहा आणि वहीवर सगळ्यांच्या सह्या घ्या.

मीमांसक_नाही

हॅशवर आत्याबाईंची सही हवी का?

(सॉरी चहाबाज. राहवलं नाही.)

रातपाळी

सगळे प्रतिसाद वाचले. उत्तरं एकत्र देतो.

मेन स्विच पाडला होता. फोन खिशातच होते. पलीकडच्या बागेत पंप आहे, तो रात्री चालतो असं आजोबा म्हणाले. मीटर जमिनीवर होता.

भिंत: मित्राला परवा दिवसा पाठवलं. देवघराच्या त्या भिंतीमागे न्हाणीघर आहे आणि तिथली जमीन कायम ओलसर असते. आजोबा झाडलोटीनंतर हातपाय तिथेच धुतात. तेव्हा भिंत मी यादीतून काढतो. तसंही हा थर्मामीटर हवेचं नाही, पृष्ठभागाचं तापमान सांगतो हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

जत्रा: त्या रात्री दोन गावं सोडून होती. नाटकही होतं. पण हेडफोनवाला यांना पूर्ण फाइल दिली आहे आणि त्यांना त्यात झांज सापडलेली नाही. त्यामुळे "दशावतारच होता" हेही मी मान्य करत नाही. पडवीत दुसरा रेकॉर्डर असता तर बाहेरून आला की आतून हे लगेच कळलं असतं, तो नव्हता.

गावोगाव, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही काहीच ठरवून गेलो नव्हतो. घर विकायचंच चाललंय आणि मामी आता सही करणार नाही म्हणतात.

हेडफोनवाला

झांज नाही हे खरं. पण तुमच्या फोनने वरच्या पट्टीतलं सगळंच कापून टाकलंय, झांज असती तरी उरली नसती. म्हणजे ही क्लिप कुठल्याच बाजूने वापरता येत नाही. असंच होतं बहुतेकदा.

मूळ प्रश्नाकडे येतो. पंधरा-वीस हजारांचं कुठलं यंत्र? माझं मत, कुठलंच भुताचं यंत्र नको. दोन साधे रेकॉर्डर घ्या ज्यांत आवाज आपोआप वाढणं बंद करता येतं, आणि दाबलेली नव्हे, पूर्ण फाइल मिळते. एक आत, एक बाहेर. सुरुवातीला दोन्हींसमोर एकदा टाळी वाजवा म्हणजे वेळ जुळवता येईल. खोकलात, कूस बदललीत, पोटात गुरगुरलं तर तिथल्या तिथे तोंडाने सांगा, "मी खोकलो". सकाळी ते आठवत नाही.

आणि ज्याला कुणी कधी झपाटलेलं म्हटलेलं नाही अशा घरात तीच माणसं, तीच यंत्रं, तेवढ्याच वेळेची एक रात्र काढा. मग दोन्हींचे तुकडे मिसळून तिसऱ्या माणसाला द्या, कुठला तुकडा कुठल्या घरातला ते न सांगता. साध्या घरातही तेवढेच "थांब" सापडले तर वादाला काही उरत नाही. झपाटलेल्यात स्पष्ट जास्त सापडले, तर मी स्वतः पुढच्या वेळी माझी माइकची पेटी घेऊन येतो.

विलायती_वऱ्हाडी

हे करा भाऊ. मी बघितलेल्या हौशी गटांत कुणीच साध्या घरात रात्र काढत नाही. कंटाळा येतो.

समंध_सखा

हे मलाही मान्य आहे. मिसळलेले तुकडे ऐकायला मी तयार आहे. मला न सांगता द्या.

वकिलीणबाई

क्लिप इथून काढाल का आधी? मामींच्या घरातल्या कुणाच्या हाती लागायच्या आत.

रातपाळी

काढली. मुंबईच्या मामांनी पुन्हा तिथे राहायला लेखी नकार दिलाय, त्यामुळे ते घर बंद. आता साधं घर हवंय. कौलारू, जुनं, शेजारी पंप असलेलं, आणि ज्याच्याबद्दल कुणी काहीही बोलत नाही असं.

तळकोकणी

असं घर कोकणात मिळणं कठीण आहे.

निवृत्त_वायरमन

आमचं वाई तालुक्यातलं घर चालेल का? कौलारू आहे, मागे विहिरीवर पंप आहे, आणि माझ्या आठवणीत कुणाला काही दिसलेलं नाही. वायरिंग मीच केलंय, नकाशा देतो. फक्त शनिवारी येऊ नका, त्या दिवशी दिवसभर लाइट नसते.

रातपाळी

काका, पत्ता व्यनि करा.